दाराला पत्रा चालतो, म्हणे!

पिझ्झाची भट्टी बांधायला काढलेला माणूस चांगल्या विटांसाठी तालुका पालथा घालतो, घुमटाची गोलाई साधावी म्हणून वाळूचा ढीग रचून त्यावर ओले वर्तमानपत्र चिकटवत बसतो, धुराड्याची टोपी कशी असावी यावर घरच्यांशी वाद घालतो. आणि दाराची वेळ आली की हात झटकून म्हणतो, "त्यात काय एवढं, एखादा पत्रा कापून लावू!" हे वाक्य नाशिकच्या फार्महाउसांवर ऐकलं, वणी-दिंडोरीकडे ऐकलं आणि आता सुरगाण्यातही ऐकू येऊ लागलं आहे. वाक्य साधं आहे. डोक्यात जाते ती त्यामागची खात्री. भट्टी म्हणजे घुमट, आणि दार म्हणजे उरल्यासुरल्या पैशांत उरकायचं झाकण, ही ती खात्री.

सुरगाण्यात पिझ्झा कुठून आला, असं कुणी विचारेल. ज्या तालुक्यात स्ट्रॉबेरी पिकते आणि सापुताऱ्याच्या रस्त्याकडेला मांडून विकली जाते, तिथे पिझ्झाचं नवल कसलं करायचं? हतगड-बोरगावच्या बाजूला पाहुणे येतात, त्यांना मागच्या अंगणात जळणारी भट्टी आवडते. भट्टी जरूर बांधावी, पाहुण्यांनाही खाऊ घालावं आणि स्वतःही खावं. माझं भांडण फक्त दाराशी चाललेल्या सावत्रपणाशी आहे.

आधी समोरच्यांचं म्हणणं पुरतं मांडतो, उगाच अर्धवट मांडून खोडल्याचा आरोप नको. ते म्हणतात: पिझ्झा उघड्या तोंडाच्या भट्टीत होतो, तोही दीड मिनिटात. खुद्द नेपल्सचे लोक भाजताना दार लावत नाहीत. तेव्हा दाराचं काम एवढंच की पावसाचं पाणी आणि गल्लीतली मांजरं आत जाऊ नयेत. अशा झाकणाला जे जळत नाही ते काहीही चालतं. लोखंड जळत नाही, म्हणून लोखंड. आणि लोखंड जितकं जाड तितकं दार दणकट. लाकडाचं नाव काढू नका, ते जळून जाईल. राख-मातीचं नाव काढू नका, ते गावंढळ दिसेल.

या साखळीतली पहिली कडी खरी आहे. बाकी साऱ्या कच्च्या.

पहिलीबद्दल बोलू. नेपल्सच्या पिझ्झाची शुद्धता राखायला १९८४ साली तिथे एक संघटना स्थापन झाली. तिच्या नियमांनुसार भट्टीची फरशी ३८० ते ४३० अंश सेल्सिअस, घुमट ४८५ अंशांच्या आसपास, आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर. एवढ्या वेळेत तो भाजायचा तर आत जिवंत ज्वाळ हवी. ज्वाळेला हवा हवी आणि हवा तोंडातूनच आत जाते. पेटत्या भट्टीचं तोंड गच्च बंद केलं तर आत धूर कोंडतो, ज्वाळ गुदमरते, आणि पुन्हा दार उघडणाऱ्याच्या भुवयांची खैर नसते. म्हणजे पिझ्झा भाजताना दार बाजूला ठेवायचं, हे कबूल. कबुली इथेच संपली.

कारण नेपल्सचा दुकानदार रोज भट्टी पेटवतो. त्याची भट्टी कधी पुरती निवतच नाही; सकाळी आला की विटा कोमटाच्या बऱ्याच पुढे असतात. तुम्ही मात्र शनिवारी संध्याकाळी पेटवता, दोन तास लाकूड घालता, डझनभर पिझ्झे काढता आणि अंगणात गप्पा मारत बसता. त्या वेळी भट्टीत काय उरलेलं असतं? हिशोब अवघड नाही. तीनशे किलो विटा ३५० अंशांवरून ५० अंशांवर येताना सुमारे ७५ मेगाज्यूल उष्णता सोडतात. विजेच्या मीटरवर मोजली तर ती २१ युनिटं होते. तेवढी उष्णता मिळवायला पाच किलो सुकं लाकूड जाळावं लागेल, तेही एक ठिणगी वाया न घालवता. प्रत्यक्षात भट्टीने ती साठवायला याच्या कितीतरी पट लाकूड खाल्लेलं असतं. हा सगळा ऐवज उघड्या तोंडातून सुरगाण्याच्या गार रात्रीला दान करायचा आणि वर म्हणायचं, पिझ्झ्याला दार लागत नाही! पिझ्झ्याला लागत नाही हो. भट्टीला लागतं.

दार असेल तर काय होतं, हे गोव्याच्या पोदेराला विचारा, मुंबईच्या पाववाल्याला विचारा. निखारे ओढून किंवा बाजूला सारून झाले, फरशी ओल्या फडक्याने पुसली, पाव आत गेले की तोंड बंद. पावाची ऊब बंद तोंडात असते. कणकेतून निघणारी वाफ आत कोंडून राहिली तर पाव फुगायला सवड मिळते. ती निसटली तर पापुद्रा आधीच कडक होऊन पाव बसतो. म्हणजे शनिवारचा पिझ्झा संपल्यावर रविवारी सकाळी त्याच भट्टीत पाव होतो, त्यानंतर नागलीची बिस्किटं होतात, दुपारी मडक्यात घातलेली कोंबडी किंवा उडीद संध्याकाळपर्यंत लोण्यासारखे शिजतात, आणि शेवटच्या ऐंशी-नव्वद अंशांत आंब्याच्या फोडी नाहीतर टोपलीत राहून गेलेली स्ट्रॉबेरी सुकते. लाकूड एकदाच घातलेलं. या यादीतल्या पिझ्झाखेरीज प्रत्येक पदार्थाला बंद तोंडाने राखलेली ऊब लागते. मग दार हौसेचं की पिझ्झा हौसेचा?

यावर हमखास उत्तर येतं: "बरं, मग पत्रा लावून बंद करतो की!" इथे आपण मुद्द्यावर आलो. पत्रा तोंड झाकतो, पण उष्णता अडवत नाही. न जळणं आणि उष्णता अडवणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दाराबद्दलचा सगळा घोळ या दोन्ही एकच समजल्याने झाला आहे.

तोंड ४५ सेंमी रुंद आणि २५ सेंमी उंच, वर कमान, असं धरा. आत ४०० अंश असताना असं उघडं तोंड नुसत्या किरणांच्या रूपाने सुमारे एक किलोवॅट उष्णता बाहेर टाकतं. गरम हवा वरच्या अंगाने निसटते ती वेगळीच. आता तिथे नुसता पत्रा उभा करा. पत्रा आतली उष्णता पितो, काही मिनिटांत पावणेतीनशे-तीनशे अंशांवर जातो आणि मग मुकाट्याने दोन्ही बाजूंना सारखीच फेकू लागतो, निम्मी आत, निम्मी बाहेर. म्हणजे निसटती गरम हवा थांबली, पण किरणांचा निम्मा चोर अजून मोकळाच. शिवाय अंगणात धावणाऱ्या पोराच्या मांडीच्या उंचीवर तीनशे अंशांची उभी तवी तुम्ही मांडून ठेवली, ते निराळंच.

"मग जाड घेऊ! दहा एमएमची प्लेट!" हे म्हणणाऱ्यांची मला विशेष गंमत वाटते, कारण त्यांना वाटतं आपण समस्या ओळखली. लोखंडातून उष्णता इतकी सरसर वाहते की एक मिलिमीटर आणि दहा मिलिमीटर यांत स्थिर झाल्यावर काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो गरम व्हायला लागणाऱ्या वेळात आणि तुमच्या कमरेत. दहा एमएमचं तसं दार आठ किलोच्या आसपास भरतं, उशिरा तापतं, आणि एकदा तापलं की पत्र्याइतकंच इमानदारीने उष्णता बाहेर पोहोचवतं. दारात लोखंड वाढवून उष्णता थांबत नाही. तिला थांबवते ती अडकून पडलेली, हलू न शकणारी हवा. ही हवा ज्या पदार्थाच्या कणाकणांत दडलेली असते त्याला दारात जागा हवी.

तिकडे वळण्याआधी दोन पत्र्यांचा समाचार घेणं भाग आहे, कारण ते नुसते कुचकामी नाहीत, घातकी आहेत.

एक जस्ती पत्रा. घराच्या पाखीवरून उरलेला, चकचकीत, फुकटात मिळालेला. त्यावरचा जस्ताचा थर दोनशे अंशांपुढे टिकायला बनवलेलाच नाही. ४१९ अंशांना जस्त चक्क वितळतं. वेल्डरला विचारा, जस्ती पत्र्याला टाका मारताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप का भरतो. आता हा पत्रा अन्नाच्या भट्टीच्या तोंडाला, ज्वाळेच्या जिभेसमोर! याच जातीचा त्याचा भाऊ म्हणजे जुन्या पिंपाचा पत्रा. पिंपात आधी काय होतं? रंग? कीटकनाशक? आतून कसला लेप होता? कापून आणणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि विचारायची तसदी कुणी घेत नाही.

दुसरा सिमेंटचा पत्रा, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचा. "याला आग काही करत नाही, हा खास उष्णतेसाठीच असतो," असं छातीठोक सांगणारे मिस्त्री अजून आहेत. एक तर हा पत्रा एकदम तापवला की त्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि तो तडतडून फुटतो, तुकडे उडतात. दुसरं, तो ग्राइंडरने कोरडा कापताना आणि असा फुटताना जे तंतू हवेत जातात ते फुप्फुसात शिरले की बाहेर येत नाहीत. त्यातून होणारा कर्करोग वीस-तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्याबद्दल निकाल दिला. साठांहून अधिक देशांनी तो बंद केला. आपण मात्र त्याचा तुकडा पिझ्झाच्या तोंडाशी ठेवायला निघालो आहोत, कारण तो फुकट मिळाला! घरात असा पत्रा पडलेला असेल तर पडू द्या. कापू नका, तापवू नका.

आता लाकूड. "लाकडाचं दार? आगीला?" असं म्हणताना लोकांच्या चेहऱ्यावर जी दया दिसते ती बघण्यासारखी असते. या दयाळू मंडळींनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. लोखंडातून उष्णता लाकडापेक्षा सुमारे तीनशे पट वेगाने वाहते. म्हणजे अडवण्याच्या कामात चार सेंमीची फळी लोखंडाच्या दहा-बारा मीटर जाडीच्या भिंतीला भारी आहे. आणि युरोपात, कॅनडातल्या क्विबेकमध्ये, मातीच्या पाव-भट्ट्यांना पिढ्यान् पिढ्या लाकडी दारंही होती. दार पाण्यात भिजत घालायचं, निखारे ओढून काढले की ओलंच तोंडाला लावायचं. लाकडात पाणी आहे तोवर ते शंभर अंशांपुढे जात नाही. एक किलो पाण्याची वाफ व्हायला दोन हजारांहून जास्त किलोज्यूल लागतात. तीच वाफ पावाला आतून मिळते. दार हळूहळू आतल्या बाजूने करपतं, काही वर्षांनी नवी फळी घालायची. यात कुठे काय जळून खाक झालं?

इथे सुरगाण्याचा माणूस लगेच सागवानाकडे वळेल. डांगच्या सीमेवर राहून दुसरं काय सुचणार? पण सागवान भिजवायच्या दाराला नापास. ते तेलकट, पाणी पीत नाही. होड्या त्याच्या होतात त्या उगाच नाही. भिजवायची फळी आंब्याची घ्या, ती पाणी पिते आणि स्वस्तही असते. सागवान वापरायचंच तर कोरड्या, बाहेरच्या बाजूच्या पाटासाठी वापरा, आणि त्यासाठी जंगलाकडे बघू नका. पडलेल्या जुन्या घराची चौकट, मोडका पाट, कडेपाट, यांतलं वाळून-वाळून शांत झालेलं सागवान नव्याहून चांगलं. ते वाकडं होत नाही. अर्थात लाकूड नुसतं, उघडं, ज्वाळेसमोर ठेवायचं नाही. कोरडं लाकूड अडीचशे-तीनशे अंशांत पेट घेतं. त्याच्यापुढे आडोसा हवा.

काचेच्या दाराचं थोडक्यात उरकतो. आत पिझ्झा दिसतो म्हणून तयार काचेचं दार मागवणारे असतात. साधी टफन्ड काच अडीचशे अंशांच्या पुढे आपला कणखरपणा गमावू लागते. खरी सिरॅमिक काच टिकते, पण तिची किंमत ऐकून माणूस टिकत नाही. काजळीने ती पहिल्याच दिवशी काळी होते. शिवाय पिझ्झा तर उघड्या तोंडाने भाजायचा असं तुम्हीच म्हणत होतात ना? मग बंद दारातून काय बघायचंय?

तर आडोसा कशाचा? अडकलेली हवा कुठे मिळते? नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये कारखान्यांना माल देणाऱ्यांकडे १२६० अंशांच्या ग्रेडचा सिरॅमिक फायबर ब्लँकेट मिळतो, पांढऱ्या रजईसारखा. उत्तम आहे, फक्त त्याचे तंतू हाताला आणि नाकाला चावतात, तो पत्र्याच्या आत पुरता बंद असायला हवा. पण सुरगाण्यात बसून त्यासाठी नाशिक गाठायची मला तरी गरज दिसत नाही. इथल्या भातगिरणीच्या मागे तुसाचा ढीग पडलेला असतो. ते तूस जाळल्यावर उरणारी राख बहुतांश सिलिका असते, आणि ती इतकी हलकी, इतकी सच्छिद्र असते की पोलादाच्या कारखान्यांत वितळलेलं पोलाद निवू नये म्हणून त्यावर हीच राख पसरतात. पंधराशे अंशांच्या रसावर जी राख चालते ती तुमच्या चारशे अंशांच्या भट्टीला चालणार नाही? कुणी सांगितलं?

आणि पोलादाचा कारखाना तरी कशाला दाखवायचा? रात्री चुलीतल्या निखाऱ्यावर राख ओढून ठेवणारी, आणि सकाळी तोच निखारा उकरून काडेपेटीशिवाय चूल पेटवणारी बाई या तालुक्यातल्या पाड्यापाड्यावर होती आणि अजून आहे. तिने निखाऱ्यावर पत्रा नाही झाकला कधी. कुंभार आवा रचून वरून पेंढा, माती, राख यांनी लिंपतो, तोही उष्णता आत ठेवण्यासाठीच. कुडाच्या भिंतीवर लिंपायच्या मातीत पेंढा आणि तूस मिसळतात ते काय शोभेला? कारखान्यातली हलकी इन्सुलेशन वीटसुद्धा मातीत भुसा-तूस घालून भाजतात. तूस जळून जातं, जागी भोकं उरतात, भोकांत हवा. ज्यांच्या घरात हे शहाणपण तीन पिढ्या चुलीपाशी बसलेलं आहे, त्यांनी व्हिडिओ बघून लोखंडाच्या प्लेटची ऑर्डर द्यावी, याला काय म्हणायचं?

आता दार प्रत्यक्षात कसं करायचं ते सांगतो, कारण नुसती टीका करून पळ काढणाऱ्यांची मलाही चीड आहे. १६ गेजच्या काळ्या एमएस पत्र्याचा, म्हणजे साधारण दीड एमएमचा, तोंडाच्या आकाराचा पाच सेंमी खोल ट्रे बनवायचा. त्याची पाठ आगीकडे. स्टेनलेस ३०४ परवडलं तर तेच घ्या, त्यातून उष्णता साध्या लोखंडाच्या एक-तृतीयांश वेगाने वाहते, त्यामुळे ट्रेच्या कडांवरून उष्णता बाहेर पळण्याची वाट अरुंद होते. ट्रेमध्ये तुसाची राख चेपून भरायची. राख नीट जळलेली, राखाडी हवी. अर्धवट जळलेलं काळं तूस भरलंत तर ते दारात धुमसत बसेल. भरताना नाकाला फडकं बांधा, ही धूळ छातीला बरी नाही. हलवल्यावर राख खाली बसून वर पोकळी होऊ नये म्हणून थोडी चाळलेली वारुळाची माती पाण्यात कालवून तिने राख जेमतेम ओलसर करा, मग दाबा आणि ट्रे आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्या. माती जास्त झाली तर अडवण्याची ताकद जाते. मूठ दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोकरला तर फुटावा, इतपतच. वरून दुसरा पत्रा, आणि त्यावर बाहेरच्या अंगाला जुन्या सागवानाचा पाट, दोहोंत बोटभर मोकळी फट ठेवून. पाच सेंमी राखेतून, आत चारशे अंश असतानाही, त्या तोंडावाटे साठ-सत्तर वॅट जातात. एक किलोवॅट कुठे आणि जुन्या पिवळ्या बल्बाएवढी ही गळती कुठे!

खरी कसोटी वेल्डरच्या दुकानात लागते. तुम्ही ट्रे दाखवला की तो कौतुकाने चहूबाजूंनी अखंड वेल्ड मारून देईल, कारण त्याच्या धंद्यात फट म्हणजे बदनामी. त्याला थांबवा. राखेत, मातीत ओलावा असतोच. पावसाळ्यात तर असतोच असतो. बंद डब्यात त्याची वाफ झाली की पत्रा फुगून टम्म होतो, आणि दिवस वाईट असेल तर फाटतो. टाके मारू द्या, अखंड शिवण नको, आणि खालच्या कडेला चार एमएमची दोन भोकं. मुठीला चौकोनी पाईप वापरला आणि त्याची दोन्ही टोकं बुजवली, तर त्यालाही भोक. हे भोक पाडायला ड्रिलला अर्धा मिनिट लागतो, आणि याच भोकावरून दुकानात सगळ्यांत जास्त वाद होतो. घाला.

बिजागऱ्यांचा आग्रह धरणारे दुसरे. "दार म्हणजे उघडझाप हवी!" लोखंड विटेच्या साधारण दुप्पट फुगतं. अर्ध्या मीटरची लोखंडी चौकट तीनशे अंशांनी तापली की पावणेदोन-दोन मिलिमीटर वाढते. ती विटांत पुरलेली असेल तर दोन मिलिमीटर जाणार कुठे? विटेत. पहिल्या हिवाळ्यात कमानीला केसासारखी चीर जाते आणि मालक गवंड्याला शिव्या घालतो. त्यापेक्षा दार सुटं ठेवा, उचलून लावायचं, बाटलीच्या बुचासारखं किंचित आत शिरणारं. चारी कडांना तीन मिलिमीटर मोकळे सोडा आणि त्या फटीला काचतंतूची दोरी चिकटवा. ती पाचशे अंशांपर्यंत टिकते. मुठी दोन हव्यात, एक नव्हे, आणि लाकडी हव्यात, पत्र्यापासून चार बोटं पुढे काढलेल्या. सहा-सात किलोचं गरम दार एका हाताने उचलण्याची मर्दुमकी कुणी करू नये.

एक हमखास येणारा आक्षेप राहिला: "मुंबईच्या बेकऱ्यांना तर पत्र्याचीच दारं असतात, त्यांचं अडतं का?" अडत नाही. त्यांची भट्टी खोलीएवढी, विटांचं वजन टनांत, तोंड त्या मानाने लहान, आणि आग रोजची. उष्णता गळली तर सकाळी पुन्हा लाकूड घालायचं. ते लाकूडच आता अंगाशी आलं आहे: मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. इंधन कुठलं यावर एवढी चर्चा झाली, उष्णता गळते कुठून यावर किती झाली? ज्यांचा अख्खा धंदा भट्टीवर चालतो त्यांची ही गत. आपण तर हौसेने लाकूड जाळणारे. आपल्याला तर लाकूड वाया घालवण्याचा अधिकार अजिबातच नाही, त्यातही जंगलाच्या काठावर राहून.

"दोन तासांच्या करमणुकीसाठी एवढा उपद्व्याप कशाला," असंही म्हणतात. दोन तासांचीच करमणूक होती तर तीनशे किलो विटा कशाला रचल्या? अंगणात तवा ठेवायचा होता. वजनदार भट्टी बांधायची ती उष्णता साठवण्यासाठी, आणि साठवण्याचं भांडं झाकणावाचून अर्धवटच. घुमटावर हजारो रुपये आणि दारावर शून्य, हा काटकसरीचा नमुना नाही, हिशोब न येण्याचा आहे.

आणि सर्वांत मोठी चूक सर्वांत आधी होते, त्यामुळे ती मागाहून कुणाला दिसतही नाही. दार शेवटी करायचं म्हणून तोंडाचं मापही शेवटी ठरतं. विटा जिथे थांबल्या तिथे तोंड. जुन्या भट्टीकारांच्या अनुभवातून आलेलं माप असं की तोंडाची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या सुमारे ६३ टक्के असावी. घुमट आतून ४० सेंमी तर तोंड २५ सेंमी. याहून खूप उंच केलंत तर घुमटात जमलेली गरम हवा वरून पळते. खूप बुटकं केलंत तर ताजी हवा आत शिरायला आणि धूर बाहेर पडायला एकाच वाटेत रेटारेटी होते, आग काळी जळते. दाराचं माप चुकलेल्या भट्टीला दार बदलून सुधारता येत नाही, कमान तोडावी लागते. म्हणून दार आधी कागदावर, मग पुठ्ठ्यावर काढा, आणि पुठ्ठा तोंडाच्या जागी उभा करून मगच कमानीची पहिली वीट लावा.

पावसापुरतं बोलायचं तर ज्यांना झाकणच हवं होतं त्यांचंही यात भागतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे भट्टी पेटत नाही. उघड्या तोंडाच्या भट्टीत बेडूक, विंचू आणि ओल, तिघंही संसार थाटतात, आणि दिवाळीत उत्साहाने पेटवलेली पहिली मोठी आग ओल्या विटा तडकवते. राखेचं दार, वर एक ताडपत्री आणि पहिले दोन दिवस काटक्यांची मंद आग, एवढ्यावर घुमट वाचतो.

तेव्हा पुढच्या वेळी वेल्डर "किती एमएम मारू?" असं विचारेल, त्याला सांगा: पत्रा दीड एमएम पुरे, काळा, जस्ती नको, मधे पाच सेंमी जागा सोड, राख मी आणतो, बिजागरी नको, आणि खाली दोन भोकं पाडल्याशिवाय मी पैसे देणार नाही.